वळताना लाल, थांबताना लाल

संपादकांचा निरोप आला की दिवाळी अंक आहे, तेव्हा जर्मनीतल्या आपल्या कामाविषयी जरा खुसखुशीत लिहा. खुसखुशीत मला चकली जमते, लिहिणं नाही. निवृत्त झाले तरी या विषयावर बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि आमचे हे निमूटपणे उठून खिडकी लावून घेतात. इथे शेजाऱ्यांच्या कानांना फार जपावं लागतं. ज्यांना चढा आवाज सोसत नसेल त्यांनी हे पान उलटून सरळ पाककृतींकडे जावं.

मी कार्ल्सरूहेजवळच्या एका गावात, अमेरिकन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे मागचे दिवे बदलायचं काम केलं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाले, लग्न झालं, यांची पीएचडी इथल्या युनिव्हर्सिटीत होती म्हणून आले. माझ्या पदवीचं काय करावं हे इथल्या कचेरीला कळेना. हेर फोग्ट नावाच्या गॅरेजमालकाला कळलं. त्याने मला एका जुन्या अमेरिकन गाडीची गुंतलेली वायरिंग दिली आणि तो जेवायला गेला. परत आला तेव्हा दिवे लागत होते. तेव्हापासून मी तिथेच. पुढे या कामाची इथली रीतसर परीक्षाही दिली. आपल्या लोकांत मात्र 'केळकरांची मिसेस कुठल्याशा गॅरेजात असते' यापलीकडे माझी ओळख गेली नाही. वर्कशॉपला फोन करणारा मराठी माणूस आधी विचारायचा, "मिस्टर आहेत का?" मिस्टर घरी आहेत, पोहे करतायत. दिव्यांचं काम मी करते, बोला.

हे काम नक्की काय, ते आधी सांगते. अमेरिकेत बऱ्याच गाड्यांना मागे इंडिकेटरसाठी वेगळा दिवा नसतो. जो लाल दिवा ब्रेक लावल्यावर पेटतो, तोच वळताना उघडझाप करतो. इकडे युरोपात ते चालत नाही. थांबताना लाल, वळताना नारिंगी, दोन्ही वेगवेगळे हवेत. शिवाय धुक्यासाठी मागे एक प्रखर लाल दिवा लागतो. आमच्या ऱ्हाइनच्या खोऱ्यात तो किती लागतो ते नोव्हेंबरात येऊन बघा. म्हणजे अमेरिकेतून आलेली गाडी इथे रस्त्यावर आणायची तर तिच्या मागच्या दिव्यांची सगळी रचना बदलावी लागते. गाडीच्या मेंदूकडून 'ब्रेक' आणि 'वळण' एकत्र येतात, ते वेगळे काढायचे, बंपरमध्ये जागा करून नारिंगी दिवे बसवायचे, धुक्याच्या दिव्याचं बटण समोर आणायचं. मग तपासनीस येतो, गुडघ्यावर बसून एकेक दिवा बघतो आणि मगच नंबरप्लेट मिळते.

नियमाचा बाऊ करतात हे जर्मन, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. मीही पहिल्या वर्षी म्हटलं असेल. पण तुमच्या गाडीचे मागचे दिवे तुम्हाला स्वतःला कधी दिसतात का? चालवताना एकदाही दिसत नाहीत. ते मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतात. त्याला क्षणभरात कळलं पाहिजे की तुम्ही थांबताय की वळताय. आयुष्यभर नारिंगी बघून वळण ओळखणाऱ्या माणसाला लाल उघडझाप दिसली तर त्याला वाटतं दिव्याची वायर सैल झाली आहे. तो वेग कमी करत नाही. एवढीच साधी गोष्ट आहे आणि ती समजावता समजावता माझे केस पांढरे झाले.

गिऱ्हाइकं दोन जातींची. एक जर्मन हौशी म्हातारे. त्यांनी जन्मभराची बचत एखाद्या लांबलचक अमेरिकन गाडीत घातलेली असते आणि बंपरला भोक पाडायचं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. एकाने ड्रिल चालू असताना बायकोचा हात घट्ट धरून ठेवला होता. ते रडतात, पण काम नीट करून घेतात आणि नाताळात बिस्किटं आणून देतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरी जात आपली. अमेरिकेत व्हिसा अडकलेला असतो, मग कंपनी जर्मनीत पाठवते आणि घरसामानाबरोबर गाडीही बोटीने येते. आपला माणूस कामाला आला की त्याला दिवा कसा लागतो ते विचारायचं नसतं, दिवा न बदलता कसं भागेल ते विचारायचं असतं. ड्युसेलडॉर्फहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी इंटरनेटवर बघून रिव्हर्सच्या पांढऱ्या काचेवर बायकोचं नारिंगी नेलपॉलिश लावून आणलं होतं. दोन हात दिले होते, शिस्तीत. तपासनीसाने नखाने खरवडलं आणि बोट रुमालाला पुसलं. गृहस्थ मला मराठीत म्हणाले, "अहो ताई, तुम्ही आपल्या आहात, तुम्ही जरा सांगा ना त्याला." काय सांगू? शेड चांगली आहे म्हणून सांगू?

'तुम्ही आपल्या आहात' या वाक्याचा मला इतका राग येतो की काय सांगू. आपली आहे म्हणूनच तर नीट करून देते. आपली नसते तर नेलपॉलिशवर वार्निश मारून दिलं असतं.

आणि दुसरं वाक्य, 'तात्पुरतं करून द्या'. तात्पुरतं घर, तात्पुरता पलंग, भाषा शिकायची नाही कारण आपण इथे तात्पुरते, भिंतीला खिळा ठोकायचा नाही कारण जायचंच आहे. अशा घरांतली खोकी मी पाहिली आहेत. बोटीतून उतरली तशी चिकटपट्टीसकट कोपऱ्यात उभी. त्यावर टेबलक्लॉथ घालून गणपतीसुद्धा बसवतात. त्या खोक्यांच्या मधल्या जागेत मुलं मोठी होतात, जर्मन बोलायला लागतात आणि आईबाप अजून परत जाण्याच्या गप्पा मारत असतात.

सबनीस कुटुंब अशाच एका खोक्यांच्या घरातलं. निखिल सबनीस सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर, बायको रुचा घरून काम करणारी आणि मुलगी सई, पंधरा-सोळाची. सई व्हीलचेअरवर असते, लहानपणापासून. त्यांनी अमेरिकेतून जी गाडी आणली ती खास तिच्यासाठी करून घेतलेली होती. मागचं दार उघडलं की उतार खाली यायचा, सई स्वतः खुर्ची चालवत आत जायची आणि खुर्ची जमिनीला पट्ट्यांनी जखडली जायची. सीट काढून केलेली ती जागा गाडीच्या अगदी मागे, दाराला लागून. इथे तशी गाडी मिळायची तर फार वाट बघावी लागली असती. ती रस्त्यावर येईपर्यंत शाळेची खास बस सोडली तर मुलगी घरात कोंडलेली. जिना उतरून खाली आणायची सोय होती, पण शाळेपलीकडे न्यायचं कशातून?

म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवून तिची गाडी आधी घेतली. शाळेची बस परतताना सईला वर्कशॉपवर सोडायची, ती टेस्टरची लाल पिन आणि काळी पिन कुठे लावायची ते बघायची. मराठी कळायचं सगळं, बोलताना इंग्रजी. इथल्या शाळेत महिनाभर गेली आणि हेर फोग्टच्या प्रत्येक वाक्याला "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायला लागली. तो तिच्यावर खूश.

निखिलची मात्र एकच अट होती. "मीनाताई, प्लीज, वायर कापू नका. आम्ही दोन वर्षांत परत जाणार आहोत. सगळं रिव्हर्सिबल हवं."

मी म्हटलं, "बंपरला भोकं पडणारच."

"बंपर बदलता येतो. वायरिंगला हात नको."

अशी सोय होते. मूळ वायर न कापता मध्ये आपली जोडवायर घालायची, दोन्ही टोकांना कंपनीचेच सॉकेट. हेर फोग्टही म्हणाला, "आल्झो, फ्राउ केळकर, हे जास्त स्वच्छ काम आहे." आणि ते खरंच स्वच्छ झालं. नारिंगी दिवे बंपरमध्ये असे बसले की गाडी जन्माने तशीच असावी. तपासनीस गुडघ्यावर बसला, उठला आणि म्हणाला की अशी वायरिंग रोज बघायला मिळाली तर बरं होईल. रुचाने पेढे आणले होते, तिने त्याला एक दिला. त्याने तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला. संध्याकाळी सई पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून नदीकाठी जाऊन आली आणि तिने मला फोटो पाठवला. मी तो फोटो यांना दाखवला, शेजारणीला दाखवला, भारतात बहिणीला पाठवला. मला माझ्या कामाचा असा आनंद फार कमी वेळा झाला आहे, तो लपवणार नाही.

त्यानंतरच्या शरदात आमच्या मंडळाचा दसरा होता. दसऱ्यानंतरच्या शनिवारी, कारण इथे देवालाही वीकएंडच लागतो. हॉल शहराबाहेर शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर. दुपारचीच वेळ, पण ढग खाली आलेले, पाऊस भुरभुरत होता आणि सगळ्यांचे दिवे लागलेले. मी चालवत होते, हे शेजारी बसून मांडीवर मसालेभाताचं पातेलं धरून होते. पुढे सबनीसांची गाडी दिसली. मागच्या काचेला वरून झेंडूची माळ लावली होती, कापडी झेंडू, इथे खरा कुठला मिळायला. त्या माळेखालून सईच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. अंबाडा, त्यावर गजरा.

मी यांना म्हटलं, "बघा, सई."

त्या गाडीचा डावा लाल दिवा लुकलुकला. मला वाटलं, वायर सैल झाली असेल, आत गेल्यावर बघते. वळणार असं मला वाटलं नाही, कारण वळण्यासाठी मी स्वतः नारिंगी दिवे बसवले होते आणि माझी नजर त्या दिव्यांवर होती. ते लागले नव्हते. काचेतला मधला ब्रेकचा दिवा झेंडूच्या माळेमागे गेलेला. त्या पावसात लालात लाल मिसळलेलं, कोण थांबतंय, कोण वळतंय, काही कळेना. आणि एकदम ती गाडी मोठी व्हायला लागली.

हे ओरडले, "अगं, अगं, अगं!"

मी ब्रेकवर उभी राहिले. चाकं किंचाळली, मसालेभात डॅशबोर्डवर गेला. गाडी थांबली तेव्हा मला त्यांची नंबरप्लेट दिसत नव्हती, माझ्याच बॉनेटआड गेली होती. समोर फक्त काच, माळ आणि गजरा. सबनीसांची गाडी सावकाश डावीकडे हॉलच्या आवारात वळली आणि निघून गेली. त्यांना काही कळलंच नाही.

भीती होती ती पहिला श्वास घेईपर्यंत. नंतर जे आलं तो राग होता. असा राग मला आयुष्यात आला नव्हता आणि लिहिताना अजून येतो आहे.

मी आवारात गाडी कशीतरी लावली आणि चालत गेले. निखिल मागचं दार उघडून उतार खाली सोडत होता. सई उतरली, मला म्हणाली, "हाय काकू, हॅपी दसरा!" मी तिला उत्तरही दिलं नाही.

"निखिल, दिव्यांना काय केलंस?"

"कुठल्या?"

"मी लावलेल्या. लागत नाहीत ते."

"अच्छा, ते!" तो हसला. खरंच हसला. "अहो ताई, स्क्रीनवर सारखी वॉर्निंग यायची. बल्ब फॉल्ट. टुंग टुंग वाजायचं. सई वैतागली होती, मीही. मग म्हटलं, लास्ट वर्किंग व्हर्जनला जाऊ. तुमची जोडवायर काढली, मूळ सॉकेट जोडलं. रोलबॅक. दहा मिनिटांचं काम. वॉर्निंग गेली."

आता वाचकांना सांगते की ती वॉर्निंग का यायची. नवे दिवे फार कमी वीज खातात, त्यामुळे गाडीला वाटतं बल्ब उडाला. कधी लगेच वाटतं, कधी थंडी सुरू झाल्यावर. त्यावर एक छोटा रेझिस्टर लावला की गाडीची समजूत पटते. मला फोन केला असता तर मी चहा गाळेपर्यंत लावून दिला असता. पण याने फोन केला नाही. स्क्रीनवरचा इशारा गेला म्हणजे अडचण गेली, हे ज्याच्या अंगात मुरलं आहे त्याला फोन करावासा वाटतच नाही. ऑफिसात बरोबर असेल ते. तिथे रोलबॅक केल्यावर कुणाची पोर दाराला टेकून बसलेली नसते.

मी काय काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. या अवस्थेत गाडीचा परवाना आपोआप रद्द होतो, उद्या विमा कंपनी हात वर करेल, हे तर बोललेच. तुझ्या मुलीच्या पाठीला आत्ता माझी गाडी लागणार होती, हेही बोलले. मंडळाचे सेक्रेटरी मध्ये आले, "ताई, सणाचा दिवस आहे, आत चला, आरती सुरू होतेय." मी त्यांना सांगितलं, तुम्ही करा आरती, आवाज मोठा ठेवा. रुचा तोंडाला पदर लावून उभी होती. निखिलचा चेहरा उतरला, पण माणूस हुशार, त्याचा युक्तिवाद चालूच होता.

"पण ताई, मी मिररमध्ये बघतो ना. नेहमी बघतो. मागून कोणी येत असेल तर मला दिसतं."

"आज मी दिसले?"

त्याने मान वळवून माझ्या गाडीकडे बघितलं.

"किती महिने चालवतोयस असा?"

"उन्हाळ्यापासून. पण एकदाही काही झालं नाही ताई. आय मीन, डेटा बघितला तर... सम प्रॉब्लेम असता तर एव्हाना दिसला असता ना."

ते दिवे नंतर मी कायमचे करून दिले. वायर कापून, सोल्डर करून, वर नळी चढवून. पुन्हा काढायचे तर आता माझ्यासारखंच कुणीतरी लागेल. पण त्या आधी, तिथेच आवारात, माझ्या हातून एक गोष्ट झाली. मी उताराकडे बोट दाखवलं आणि निखिलला म्हटलं, "आत जा. सईच्या जागेवर बस."

"काय?"

"बस म्हणते ना."

तो भल्या मोठ्या पदावरचा माणूस झब्बा सावरत उतारावरून वर गेला आणि खुर्ची जखडायच्या पट्ट्यांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला, तोंड पुढे करून. मी मागचं दार लावलं. माझी गाडी सुरू केली, त्यांच्या मागे आणली, अगदी रस्त्यावर थांबली होती तितक्या अंतरावर, आणि उतरले. हळूच आणली होती. बाजूचं दार उघडलं.

"मी आले ते दिसलं?"

"नाही," तो म्हणाला. "इथून मागचं काहीच दिसत नाही." आवाज बारीक झाला होता. तो गुडघ्यावर उठून मागच्या काचेतून माझ्या बॉनेटकडे बघत होता. बॉनेट त्याच्या पाठीपासून हातभरावर होतं. "ताई, इथे... इथे आरसाही नाहीये."

आतून आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या. सई इतका वेळ बाजूला होती. मला वाटलं होतं मोठ्या माणसांच्या भांडणात ती बावरली असेल. ती खुर्ची चालवत दारापाशी आली. आमच्याशी नेहमी इंग्रजी बोलणारी मुलगी त्या दिवशी शब्द शोधत शोधत मराठीत बोलली, बहुतेक बाबाला नीट कळावं म्हणून.

"दिसत नाही बाबा. पण ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तू वळलास की मागे कोणीतरी खूप जोरात ब्रेक मारतं. टायरचा आवाज येतो. माझ्या एकदम मागे. शाळेत जाताना येतो, डॉक्टरकडे जाताना येतो. कधी कधी हॉर्नपण." तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मला वाटलं, जर्मनीत सगळे असेच ब्रेक मारतात."